शार्पनेस खाली आणा! टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये लपलेला पन्नास वर्षांचा इतिहास

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं छाटलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका गुणाकाराने करू. साध्या, म्हणजे एसडी चॅनेलचं चित्र असतं ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. एकूण ४,१४,७२० ठिपके. एचडी चॅनेलचं चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. आता भागाकार करा. उत्तर बरोब्बर पाच येतं, दशांश चिन्ह नाही की बाकी नाही. आणि हल्ली दुकानात मिळणारा फोर-के टीव्ही एसडीच्या बरोब्बर वीस पट.

म्हणजे फोर-के टीव्हीवर एसडी चॅनेल लावलं की पडद्यावरच्या वीस ठिपक्यांपैकी एकाचीच माहिती बाहेरून आलेली असते. उरलेले एकोणीस टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरलेले असतात. तो अंदाज कसा करायचा, हे तुमच्या रिमोटमधल्या 'पिक्चर' नावाच्या मेनूत ठरतं. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस, टिंट, कलर टेंपरेचर. तो मेनू आपण सहसा उघडत नाही, आणि उघडलाच तर घाबरून बंद करतो.

माझं गाव पवनानगर. मी सॉफ्टवेअरवाला, पण गावात इंजिनिअर म्हटलं की त्याला टीव्हीतलं कळतंच, असा पक्का समज आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी घरी आलो की कुणी ना कुणी हाक मारतंच. "अरे, नवा टीव्ही घेतला, पण चित्र जुन्यापेक्षा वाईट दिसतंय, बघ की जरा." गंमत म्हणजे ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. तिचं कारण समजून घ्यायला १९७२ सालात जावं लागतं.

सिंहगडाकडे तोंड

भारतात दूरदर्शनची सुरुवात दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला झाली. महाराष्ट्रात टीव्ही यायला तेरा वर्षं लागली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं. पुढच्याच वर्षी मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसावेत म्हणून सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र आलं. आज गडावर भजी खाताना जो मनोरा दिसतो, तोच.

आता पवनानगर डोळ्यांसमोर आणा. हे धरणाचं गाव. पवना धरण झालं तेही याच काळात. एका बाजूला लोहगड-विसापूर, पलीकडे तुंग आणि तिकोना, मध्ये पाणी. सिंहगड इथून सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आग्नेय दिशेला. टीव्हीच्या लहरी सरळ जातात, डोंगर आला की अडतात नाहीतर आपटून परततात. आपल्या आणि सिंहगडाच्या मध्ये तर तिकोन्याच्या बाजूचे डोंगर आणि मुळशी-पौडच्या रांगा. अशा खोऱ्यातल्या घराला एकच चित्र दोनदा मिळायचं. एक थेट आलेलं, दुसरं डोंगरावर आपटून किंचित उशिरा आलेलं. पडद्यावर प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याची पुसट सावली दिसायची, तिला मेकॅनिक लोक 'घोस्ट' म्हणायचे. सिग्नल फारच अशक्त असला की नुसत्या मुंग्या.

एक पोरगं पत्र्यावर अँटेना धरून उभं, दुसरं दारात, आणि आतून आवाज, "आलं, आलं... गेलं! परत फिरव!" हा किस्सा तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. टीव्हीचं पहिलं सेटिंग घराच्या छपरावर होतं.

बाकीची सेटिंग्ज टीव्हीच्या अंगावर, गोल बटणांच्या रूपात. चित्र सतत वर सरकायला लागलं की 'व्हर्टिकल होल्ड' फिरवायचं. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट ही तेव्हाचीच. आणि तेव्हा त्यांना रोज हात लावावा लागायचा, कारण आतले भाग तापले, विजेचा दाब कमी-जास्त झाला की चित्र बदलायचं. घरातल्या एकाला तरी ते बटण नेमकं किती फिरवायचं हे कळायचं. चित्रावर घराचा ताबा होता, असं म्हणायला हरकत नाही.

पन्नास अर्धी चित्रं

हे चित्र बनायचं कसं? टीव्हीच्या नळीत मागून एक किरण पडद्यावर आडव्या रेघा मारत जायचा. आपल्याकडे ६२५ रेघांची पद्धत घेतली. त्यातल्या ५७६ रेघांत चित्र, बाकीच्या रेघांचा वेळ किरणाला खालून परत वर जायला. एसडीमधला ५७६ हा आकडा इथून आलाय.

किरण सगळ्या रेघा एका दमात मारायचा नाही. आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. पन्नासच का? तर आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि त्या काळात चित्राचा वेग विजेच्या वेगाशी जुळवणं सोयीचं होतं. यातला भन्नाट भाग असा की ती नळी भंगारात गेली, तरी आपली एचडी चॅनेल आजही सेकंदाला पन्नास अर्धी चित्रंच पाठवतात. कपाळावर लिहिलेलं '१०८०आय', त्यातला 'आय' तोच. तुमचा नवा टीव्ही ती अर्धी चित्रं शिवून पूर्ण करतो. शिवण उसवली की क्रिकेटच्या चेंडूला करवतीचे दाते आल्यासारखे दिसतात.

रंग आला, आणि एक निकामी बटणही

१५ ऑगस्ट १९८२ ला दिल्लीचा स्वातंत्र्यदिनाचा सोहळा रंगीत दिसला आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला सुरू झालेल्या एशियाडने रंगीत टीव्हीची हवा केली. त्याआधी कित्येक घरांत काळ्या-पांढऱ्या पडद्यासमोर रंगीत प्लॅस्टिकची काच लावून हौस भागवली जायची. बातमी वाचणाऱ्याचं डोकं निळं आणि हनुवटी हिरवी!

रंगासाठी आपण 'पाल' पद्धत घेतली. जर्मनीतल्या टेलिफंकन कंपनीत वॉल्टर ब्रुख या इंजिनिअरने ती १९६३ मध्ये दाखवली. अमेरिकेची पद्धत वेगळी, 'एनटीएससी'. तिच्यात सिग्नल वाटेत थोडा जरी हलला तरी रंग बदलायचा. माणसं कधी हिरवट, कधी जांभळट. इंजिनिअर मंडळी तिची थट्टा करायची, 'नेव्हर ट्वाइस द सेम कलर'. म्हणून अमेरिकन टीव्हीवर रंग ताळ्यावर आणायला 'टिंट' नावाचं बटण द्यावं लागलं. ब्रुखने युक्ती केली. रंगाच्या माहितीचा एक भाग दर एका रेघेआड उलटा पाठवायचा. एका रेघेत झालेली चूक पुढच्या रेघेत उलट्या बाजूने होते, दोन्ही मिळून फिटतात.

म्हणजे 'टिंट' या बटणाची आपल्याला १९८२ मध्येही गरज नव्हती आणि आज डिजिटल काळात तर मुळीच नाही. तरी ते प्रत्येक मेनूत आहे. ते मधोमध, म्हणजे शून्यावर किंवा पन्नासवर असू द्या आणि विसरून जा.

शार्पनेसची गोष्ट अशीच. अँटेनापासून टीव्हीपर्यंत येता येता चित्रातले बारीक तपशील बोथट व्हायचे. शार्पनेसचं बटण वस्तूंच्या कडा कृत्रिमरीत्या गडद करून ती झीज भरून काढायचं. जुन्या नळीवर ते शोभायचं. आज सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआय केबलने आलेलं चित्र वाटेत झिजतच नाही. तिथे शार्पनेस चढवला तर माणसाच्या भोवती पांढरी कड उमटते, चेहऱ्यावर पुटकुळ्या दिसतात, आणि आपण म्हणतो, "काय क्लिअर आहे!"

मुंग्या गेल्या, चौकोन आले

नव्वदच्या दशकात केबल आली. १९९२ ला झी, १९९९ ला अल्फा मराठी, २००० ला ईटीव्ही मराठी. मग डिश. २००३ पासून खासगी डीटीएच आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा, जिला आज आपण फ्री डिश म्हणतो.

इथे एक योगायोग सांगतो, मी नकाशावर मोजून बघितलाय. फ्री डिशचा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, विषुववृत्ताच्या वर आहे. पवनानगरहून त्याची दिशा येते आग्नेय. सिंहगडाचीही आग्नेय. आजोबांचा अँटेना आणि नातवाची छत्री जवळपास एकाच दिशेला तोंड करून. फरक इतकाच, की छत्री डोंगराच्या वरून आकाशात बघते. तिकोना आता आडवा येत नाही. आडवा येतो आपला मावळातला पाऊस. या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात, म्हणून जुलैत ऐन मालिकेच्या वेळी 'नो सिग्नल'. पूर्वी सिग्नल हळूहळू खराब व्हायचा, डिजिटलमध्ये तो शेवटपर्यंत ठीक असतो आणि मग एकदम कड्यावरून पडतो.

डिजिटलने चित्राचा आजारही बदलला. उपग्रहावरची जागा महाग, म्हणून चित्र दाबून पाठवतात. त्याचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील टाकून द्यायचा. फॅमिली ग्रुपवर शंभर वेळा फॉरवर्ड झालेला 'शुभ सकाळ'चा फोटो बघा, तोच प्रकार. एका उपग्रह-वाहिनीत जितकी जास्त चॅनेल कोंबाल, तितका प्रत्येकाच्या वाट्याला कमी डेटा. गर्दी, पाणी, उडणारा भंडारा असं काही दृश्य आलं की चौकोन उघडे पडतात.

लहान जुन्या टीव्हीवर हे खपून जायचं. नळीचा पडदा मुळातच मऊ, तो चौकोनांवर पांघरूण घालायचा. ४३ इंची सपाट पडदा मात्र सगळं भिंग लावून दाखवतो, आणि वर कारखान्यातून चढवून पाठवलेला शार्पनेस त्या चौकोनांच्या कडासुद्धा इमानदारीने गडद करतो. "नव्या टीव्हीवर चित्र वाईट दिसतं," या तक्रारीचं उत्तर हे आहे.

एचडीचे पैसे कुठे जातात?

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेला दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण केलं. मराठीला आणखी थांबावं लागलं. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी या तिघांची एचडी चॅनेल २०१६ मध्ये आली. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचे नवे नियम लागू झाले. तेव्हा कर सोडून १३० रुपयांत शंभर चॅनेल मिळायची, पण एक एचडी चॅनेल मोजलं जायचं दोन एसडीइतकं. वर त्या चॅनेलची स्वतःची किंमत वेगळी. म्हणजे गावाकडच्या घराला एचडी हा दर महिन्याचा हिशोब झाला.

म्हणून इथे थोडं गणित करू. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील ओळखता येतो, असं ढोबळमानाने धरतात. दहा फुटांवरून बघताना हा तपशील होतो सुमारे ०.८९ मिलीमीटर. ३२ इंची टीव्हीची उंची साधारण ४० सेंटीमीटर. भागाकार केला की सुमारे ४५० रेघा. म्हणजे दहा फुटांवरून ३२ इंची टीव्ही बघणाऱ्याच्या डोळ्याला एसडीच्या ५७६ रेघासुद्धा पुऱ्या ओळखता येत नाहीत!

मग एचडी छान का दिसतं? कारण त्या चॅनेलला डेटा जास्त मिळतो, चौकोन कमी पडतात. फरक आहेच, पण तो रेघांपेक्षा दाबण्यातला आहे. मोठा टीव्ही असेल किंवा जवळून बघत असाल तर एचडी घ्या. ३२ इंची टीव्ही आणि लांब कॉट, असा मामला असेल तर आधी सेटिंग्ज नीट करा, मग पॅक वाढवायचं बघा.

आणि पॅक घेतलंच असेल तर टीव्हीच्या मागे वाकून एकदा केबल बघा. आमच्याकडे एका घरात एचडीचे पैसे महिनोन् महिने भरले जात होते आणि बॉक्स जोडलेला होता लाल-पांढऱ्या-पिवळ्या केबलने. त्या पिवळ्या तारेतून एचडी जातच नाही. बसवणारा तशीच जोडून गेलेला. खोक्यातली एचडीएमआय केबल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात सुखरूप!

काळा विठ्ठल, पांढरं धोतर

आता प्रत्यक्ष काम. टीव्ही दुकानातून येतो तेव्हा बहुधा 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर असतो. दुकानातल्या झगमगाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून केलेला हा मेकअप. पांढरा रंग निळसर, कारण निळसर पांढरा डोळ्याला जास्त उजळ वाटतो. स्टुडिओत मात्र चित्र ठरवतात ते सुमारे ६५०० केल्विनच्या प्रमाण पांढऱ्यावर, जो याच्यापुढे पिवळट वाटतो. मेनूत त्याच्या जवळ जाणारं सेटिंग म्हणजे 'वॉर्म'.

यात एक गोष्ट मला खटकते. निळसर मोडमध्ये सर्वात जास्त नुकसान होतं ते आपल्या कातडीच्या रंगाचं. 'जैत रे जैत' हा १९७७ चा रंगीत सिनेमा एकदा कूल मोडवर आणि एकदा वॉर्मवर बघा. स्मिता पाटीलचा सावळा, उन्हात तापलेला रंग कूलवर राखाडी होतो. आपणच आपली माणसं राखेत घालून बघतो आणि त्याला 'क्लिअर' म्हणतो.

तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड निवडा, कलर टेंपरेचर वॉर्म करा. पहिले दोन दिवस पिवळं वाटेल, तिसऱ्या दिवशी डोळा सरावतो.

ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टसाठी आपल्याकडे फुकटचा तक्ता आहे, आषाढीची पंढरपूरची महापूजा. ब्राइटनेस म्हणजे उजेड नव्हे. ते ठरवतं की काळा किती काळा. फार कमी केलं तर विठ्ठलाचं मुख एक काळा गोळा होतं, फार वाढवलं तर मूर्ती करडी दिसते. नाक-डोळे कळतील आणि पाषाण काळाच राहील, तिथे थांबा. कॉन्ट्रास्ट ठरवतं पांढऱ्याचं. पूजेला बसलेल्यांच्या पांढऱ्या कपड्यांच्या चुण्या दिसल्या पाहिजेत, नुसता पांढरा डाग नको. खोलीतल्या उजेडाप्रमाणे जे बदलायचं ते 'बॅकलाइट'. दिवसा जास्त, रात्री कमी.

शार्पनेस खाली आणत जा. चॅनेलवरच्या अक्षरांभोवतीची पांढरी कड दिसेनाशी झाली की पुरे. काही टीव्हींत ही जागा शून्यावर असते, काहींत मधोमध.

आता एसडी-एचडीचा पेच. बरेच सेट-टॉप बॉक्स कोणतंही चॅनेल स्वतःच मोठं करून १०८० रेघांतच टीव्हीला देतात. टीव्हीला वाटतं सगळंच एचडी. त्यामुळे तो आपोआप सेटिंग बदलू शकत नाही. उपाय सोपा आहे, दोन मोड वाटून घ्या. 'सिनेमा' एचडीसाठी, त्यात नॉइज रिडक्शन बंद. 'स्टँडर्ड' एसडीसाठी, त्यातही रंग वॉर्म, शार्पनेस आणखी थोडा कमी, 'डिजिटल' किंवा 'एमपेग' नॉइज रिडक्शन लो किंवा मीडियम. म्हणजे चौकोन जरा मऊ होतात. जुन्या नळीने घातलेलं पांघरूण आपण हाताने परत घालतो, एवढंच.

मोशन स्मूदिंग, ज्याला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, सिनेमाला बंद ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, टीव्ही मधली चित्रं स्वतः रचून घालतो आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझने हेच बंद करा म्हणून व्हिडिओ टाकला होता. क्रिकेटला आवडत असेल तर थोडं चालेल.

ताणलेली माणसं

शेवटचा मुद्दा आकाराचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. जुनं चित्र चारास तीन, नवे पडदे सोळास नऊ. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की घरात कुणीतरी म्हणतं, "पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत ना?" आणि चित्र ताणून भरतं. माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये १९८७ चं 'रामायण' परत लागलं, तेव्हा किती घरांत राम-सीता असे ताणलेले, कडा पांढऱ्या झालेले, निळसर दिसले असतील! आणि आपल्या वयाच्या कितीजणांनी ठरवलं असेल, की तेव्हाच्या लोकांना धड शूटिंग येत नव्हतं.

मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या वर्षांतलं बरंच काही आज उरलेलंच नाही. टेपा महाग, म्हणून कार्यक्रम पुसून त्याच टेपा परत वापरल्या जायच्या. 'चिमणराव', 'गजरा' यांबद्दल आपण घरच्यांकडून ऐकतो त्यातलं फार थोडं बघायला मिळतं. जे वाचलंय ते एसडीतच आहे आणि एसडीतच राहणार, कारण त्या ४,१४,७२० ठिपक्यांपलीकडे टेपेवर काही नोंदवलेलंच नाही. ते निदान जसं होतं तसं दिसावं, एवढं आपल्या रिमोटच्या हातात आहे. आस्पेक्ट रेशो 'ओरिजिनल' किंवा '४:३', शार्पनेस खाली, रंग वॉर्म. काळ्या पट्ट्यांची सवय करून घ्या.

तर या आठवड्याचा गृहपाठ. घरातल्या थोरामोठ्यांना शेजारी बसवा, सह्याद्रीवरचा किंवा यूट्यूबवरचा एखादा जुना मराठी कार्यक्रम लावा आणि आधी जसं आहे तसं, मग वरची सेटिंग्ज करून दाखवा. त्यांना विचारा, तेव्हा असंच दिसायचं का? उत्तर काय मिळालं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. अँटेना पकडून पत्र्यावर उभं राहिल्याचे किस्से असतील तर तेही. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवेन.

भेटू पुढच्या रविवारी. तोपर्यंत, टिंटला हात लावू नका!